पार्श्वभूमी: थ्री-आय अ‍ॅटलास आणि कक्षेचं जुनं गणित

2025च्या दिवाळीत आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर फराळाच्या फोटोंमध्येच एक व्हिडिओ येऊन पडला. थ्री-आय अ‍ॅटलास हा धूमकेतू नाहीच, परग्रहावरचं यान आहे. सूर्याआड लपून ते वाट बदलणार आणि पृथ्वीकडे वळणार! तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "अरे, तू वांगणीला तारे बघायला जातोस ना? खरं काय ते सांग."

गंमत म्हणजे व्हिडिओतली एक गोष्ट खरी होती. त्या दिवसांत पृथ्वीवरून पाहता तो सूर्यापलीकडेच होता, त्यामुळे दुर्बिणीतून दाखवायची सोय नव्हती. अफवेला एवढी फट पुरते. मग काकूंना दाखवायला उरते ती कक्षा.

शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, उगवलं की राजा जाणार, रोगराई येणार, अशी भीती आपल्याकडेही होती आणि युरोपातही. ती वस्तू कधी येईल, कुठून जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण. 1531, 1607 आणि 1682 या तिन्ही वर्षांचा धूमकेतू एकच आहे आणि तो 1758च्या सुमारास परतेल, असं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी मांडलं. ते 1742 साली वारले. पुढचा हिशेब क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघा फ्रेंच गणितींनी पॅरिसमध्ये महिनोन्महिने कागदावर केला. गुरू आणि शनी त्याला किती मागे खेचतील, ते त्यांनी टप्प्याटप्प्याने मोजलं. उत्तर आलं, एप्रिल 1759च्या मध्यात सूर्याजवळ, महिनाभर इकडेतिकडे. धूमकेतू 13 मार्चला पोचला. हातांनी केलेल्या आकडेमोडीत ही चूक मला आजही नगण्य वाटते.

गणित हाताशी असलं म्हणून घबराट टळते असं मात्र नाही. 1910 साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला होता. पृथ्वी मे महिन्यात त्या शेपटीतून जाईल, हे कक्षेवरूनच कळलं होतं. झालं! लोकांनी धूमकेतूच्या विषावर उतारा म्हणून गोळ्या विकत घेतल्या. शेपटी किती विरळ असते, ही दुसरी अर्धी बाब मागे पडली. पुढच्या फेरीला, 1985-86मध्ये, मुंबईत खगोल मंडळासारख्या हौशी मंडळींनी हॅले दाखवायचं काम अंगावर घेतलं.

इंटरनेटच्या काळातला पहिला मोठा धडा हेल-बॉप या धूमकेतूचा. नोव्हेंबर 1996मध्ये एका हौशी निरीक्षकाने त्याच्या फोटोत शेजारी शनीसारखी वस्तू दिसल्याचं जाहीर केलं. तारकासूचीत पाहिलं तर तिथे एसएओ 141894 हा साधा तारा निघाला. एवढं तपासायला एक संध्याकाळ पुरली असती. पण धूमकेतूमागून यान येतंय ही कथा पसरत राहिली आणि मार्च 1997मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पंथाच्या 39 जणांनी जीव दिला. त्याच महिन्यांत आपण मुंबईकर संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी तो धूमकेतू पाहत होतो. 2011मध्ये एलेनिन नावाच्या धूमकेतूमुळे पृथ्वीवर संकट येणार अशी हूल उठली. तो तर सूर्याजवळ विखुरलाच.

थ्री-आय अ‍ॅटलास 1 जुलै 2025 रोजी चिलीतल्या दुर्बिणीला दिसला. पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या तुलनेत रोज त्याची जागा नोंदवायची आणि त्या ठिपक्यांतून वाट बसवायची, ही पद्धत. त्याच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा, 6च्या वर निघाली. 1च्या पुढे गेली की कक्षा बंद होत नाही. म्हणजे पाहुणा बाहेरचा आणि परत न येणारा. अडचण अशी की धूमकेतू धूसर असतो आणि त्याचं केंद्र नेमकं कुठे धरायचं, यावरच चूक होते. ऑक्टोबरात तो मंगळाजवळून, सुमारे 3 कोटी किलोमीटरवरून, गेला. तेव्हा युरोपच्या मंगळाभोवतीच्या यानाने त्याला टिपलं. वेगळ्या कोनातून मिळालेल्या या जागांमुळे कक्षेतली अनिश्चितता दहापटीने घटली.

सूर्याआडून तो बाहेर आला तो हिशेबातल्या वाटेनेच. 19 डिसेंबरला पृथ्वीपासून सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 27 कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून 15 कोटींवर आहे. काकूंना मी हे दोनच आकडे पाठवले. त्यांनी ते ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "व्हिडिओवाल्याने तारीख का नाही दिली?"