मिठाने आयोडीन सुटत नाही
जळगाव-धुळ्याच्या शिकवण्यांमधून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: क्लोरीन आयोडीनपेक्षा जोरकस, म्हणून पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात साधं मीठ टाकलं तरी आयोडीन सुटतं. हे साफ चूक आहे. इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात जोरकस असतो तो क्लोरीन वायू. मिठातल्या क्लोराइडने आपला इलेक्ट्रॉन आधीच मिळवलेला असतो. तो आणखी कशाला घेईल?

पण म्हणून दोन हॅलाइड क्षारांत (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड असलेल्या क्षारांत) रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण, होतच नाही, असंही नाही. मिठाऐवजी फेरिक क्लोराइड हा लोहाचा क्षार घाला, थोडा स्टार्च टाका. द्रावण गडद निळं होतं, ही आयोडीन सुटल्याची खूण, आणि हे मुलांना दाखवायलाच हवं! इलेक्ट्रॉन इथे लोह घेतं. त्याचं प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीचं माप, ०.७७ व्होल्ट, आयोडीनचं ०.५४. फरक धन, म्हणून मुक्त ऊर्जा घटते आणि क्रिया आपोआप होते: इलेक्ट्रॉनांच्या दर मोलमागे सुमारे २२ किलोज्यूल. ब्रोमीनचं विभव १.०७, त्यामुळे ब्रोमाइडपुढे हेच लोह थांबतं.