डब्यातली पोळी वाळत नाही, तरी कडक होते

पोळी कडक का होते, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "वाळते म्हणून." मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा येतो, डब्यात फॉइल, फॉइलच्या आत सुती रुमाल. एवढा बंदोबस्त करूनही पाळणाघरात बारा वाजता डबा उघडला की पोळी चामट ती चामटच. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले असतात ते वेगळंच. पाणी डब्यातच आहे, तर मग वाळलं काय?

फ्रान्समधल्या झाँ-बाप्टिस्ट बुसँगो या रसायनशास्त्रज्ञाने हाच प्रश्न पावाबद्दल विचारला आणि १८५२ मध्ये त्याचं उत्तरही दिलं. त्याने पावातला ओलावा बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था केली. पाव तरीही शिळा झाला. तोच पाव तापवला, तर पाण्याचा थेंबही न घालता पुन्हा मऊ झाला. म्हणजे शिळेपणाचं मूळ पाणी उडून जाण्यात नव्हतंच. या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं होत आली, पण आपल्या स्वयंपाकघरात ती अजून पोचलेली नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे पाळणाघराच्या फाटकाशी रोज संध्याकाळी चालणारी चर्चा. आमच्या धुळ्यात ती निम्मी मराठीत, निम्मी अहिराणीत होते. "पोऱ्या काहीच खास नही वं माय," म्हणजे पोरगं काहीच खात नाही, असं एखादी आजी म्हणते. सून म्हणते, "घरी तर दीड पोळी खातो हो, इथेच काय होतं कोण जाणे." संशय पाळणाघरातल्या मावशींवर जातो. त्यांच्यावरून सुटला तर शेजारणीच्या नजरेवर. मग घरी नेल्या नेल्या मीठ-मिरच्या उतरवायच्या, आणि लगेच तव्यावरची गरम पोळी तूप लावून पुढ्यात ठेवायची. पोरगं ती मटामट खातं आणि श्रेय मिरच्यांना मिळतं! दृष्ट न काढता नुसती गरम पोळी देऊन बघावी, हे कुणाच्या मनात येत नाही.

मुळात दीड-दोन वर्षांचं मूल कमी खातं, यात काळजीचं काही नसतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोचीच भर पडते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. त्यातच या वयात अनोळखी खाण्याची भीती जागी होते, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत ती कमी-अधिक टिकते. चालायला लागलेलं मूल परसात एकटं फिरताना दिसेल ते तोंडात घालू लागलं, तर एखादं विषारी बी पोटात जायचं. त्यामुळे हा संशयीपणा उत्क्रांतीत उपयोगीच पडला असावा. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: तोच पदार्थ, आग्रह न करता, पुन्हा पुन्हा समोर ठेवायचा. लीन बर्च आणि डायान मार्लिन या अमेरिकी संशोधिकांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं, की पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला मिळाला तितका तो जास्त आवडू लागला. अशा प्रयोगांतून आठ-दहा ते पंधरा वेळांचा अंदाज निघतो. आपण तिसऱ्या दिवशीच "त्याला दुधी आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

पण हे झालं नव्या पदार्थाचं. पोळी तर ओळखीची, मग ती का परत येते? कारण सकाळी सातची पोळी आणि दुपारी बाराची पोळी हे आतल्या रचनेने दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि पोराला ते कळतं.

कणकेत स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो. गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण वीस-तीस मायक्रोमीटरचे. प्रत्येक कणात ग्लुकोजच्या साखळ्यांचे दोन प्रकारचे रेणू: सरळसोट लांब अमायलोज साधारण पाव हिस्सा, आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन पाऊण हिस्सा. कच्च्या कणात या साखळ्या बऱ्याच अंशी शिस्तीत रचलेल्या असतात, म्हणून थंड पाणी आत फारसं शिरत नाही. तव्यावर तापमान साठ अंशांच्या आसपास गेलं की ही रचना ढासळते. कण पाणी पितात, फुगतात, त्यांच्यातलं अमायलोज बाहेर झिरपतं. स्टार्च शिजला, असं आपण म्हणतो ते हेच. गरम पोळीचा मऊपणा म्हणजे विस्कटलेल्या साखळ्या आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं पाणी.

पोळी तव्यावरून उतरली, की मधली सुट्टी संपल्यावर पोरं रांगेत उभी राहावीत तशा या साखळ्या पुन्हा शेजारी शेजारी येऊ लागतात. एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि मधलं पाणी बाजूला सारतात. पाणी पोळीतच राहतं, पण मऊपणाच्या कामाचं राहत नाही. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. सरळ अमायलोजचं हे काम काही तासांतच उरकतं, फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला दिवस लागतात. डबा भरल्यापासून जेवणापर्यंतचे चार-पाच तास बरोबर अमायलोजच्या सोयीचे. पोळी पुन्हा तापवली तर अमायलोपेक्टिनची नवी रचना साठ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून बुसँगोचा पाव मऊ झाला. अमायलोजची रचना मोडायला मात्र शंभराच्या बरंच वर, सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत जावं लागतं. पोळीत पाणी आहे तोवर ती आतून शंभरापलीकडे तापत नाही. म्हणूनच पाळणाघरात तव्यावर गरम केलेली पोळी बरी लागते, ताजी लागत नाही.

आता जरा दम धरा, कारण मला सगळ्यात आवडणारा भाग इथे आहे. साखळ्यांची ही शिस्तीतली रांग म्हणजे स्फटिकच. स्फटिक तयार व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागतात: आधी बीजकेंद्र, म्हणजे सुरुवातीचा छोटासा जुडगा, जमायला हवं, मग ते वाढायला हवं. बीजकेंद्रं जमणं थंडीत सोपं, कारण साखळ्यांची धावपळ कमी असते. वाढ मात्र उबेत सोपी, कारण नव्या साखळीला सरकत आपल्या जागेवर यायला हालचाल हवी. फार थंड केलं तर साखळ्या गोठून जागीच राहतात, साठाच्या पुढे तापवलं तर झालेलं वितळतं. दोन्ही वेगांचा गुणाकार केला की घंटेच्या आकाराचा आलेख मिळतो, आणि त्याचं शिखर, दुर्दैवाने, फ्रिजच्या तापमानाच्या आसपास येतं. रात्री लाटून भाजून फ्रिजमध्ये ठेवलेली पोळी बाहेर ठेवलेल्या पोळीपेक्षा लवकर कडक होते ती यामुळे. मळलेली कणीक फ्रिजमध्ये चालते, कारण तिच्यातला स्टार्च अजून शिजलेलाच नाही. आधीच करून ठेवायची असेल तर पोळी फ्रीझरमध्ये टाकावी. आणि याच आलेखामुळे आपल्याकडे मे महिन्यापेक्षा डिसेंबरात डबा जास्त परत येतो!

मग बेकरीचा पाव चार दिवस मऊ कसा राहतो? शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग पाहिला असेल. अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळते आणि तिच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं, म्हणून निळा रंग. त्याच पोकळीत आयोडीनऐवजी मेदाम्लाची (फॅटी ॲसिडची) लांब शेपटीही बसू शकते. ती बसली की अमायलोजची ती साखळी शेजारणीला बिलगायला मोकळी राहत नाही. बेकरीवाले त्यासाठी मोनोग्लिसराइड घालतात, एका शेपटीचा मेद. आपल्या तुपा-तेलात एकेका रेणूला तीन शेपट्या असतात, त्या पोकळीत शिरत नाहीत. म्हणून तुपाचं मोहन रेट्रोग्रेडेशन फारसं रोखत नाही. ते ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब जुळू देत नाही, पोळी चामट न होता खुसखुशीत तुटते. दीड वर्षाच्या मुलासाठी हेही कमी नाही. त्याच्या समोरच्या दातांनी चावा घेता येतो, पण पहिल्या दाढा साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांत येतात आणि मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांत. चामट पोळी ते ओढतं, ओढतं आणि टाकून देतं.

प्रवासाला दशम्या न्यायची आपली पद्धत इथे कामाला येते. कणीक पाण्याऐवजी दुधात मळायची, हवा तर गूळ. दुधातली आणि गुळातली साखर पाणी धरून ठेवते आणि साखळ्यांच्या जवळ येण्यात खोडा घालते, दुधातली प्रथिनं मध्ये लुडबुडतात. फ्रिज नसलेल्या काळातल्या बायकांनी निव्वळ अनुभवाने साधलेलं हे अन्नरसायन आहे. गंगाफळाचे (लाल भोपळ्याचे) घारगेही त्याच हिशेबाने मऊ राहतात. मात्र गूळ ही साखरच. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, तेव्हा लहानग्यासाठी नुसत्या दुधातली दशमी.

दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, भाकरीची गोष्ट वेगळी. ज्वारीत ग्लुटेन नाही. उकळतं पाणी घातल्यावर पिठातला थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि त्याच्याच जोरावर भाकरी थापली जाते. सगळी मदार स्टार्चवर, त्यामुळे साखळ्या रांगेत आल्या की भाकरीला भेगा पडतात. उडीद मिसळलेल्या कळण्याच्या भाकरीत उडदाचा चिकटपणा पाणी धरून ठेवतो. नुसती भाकरी द्यायचीच तर तुपात चुरून, बोटांत मावतील असे मुटके वळून द्यावी. पातळ वरणातला काला घरी ठीक. पाळणाघरात स्वतःच्या हाताने जेवणारं दीड वर्षाचं मूल चमचा तोंडाशी नेईपर्यंत मनगटात उलटा करतं, आणि निम्मं वरण झबल्यावर जातं.

माझ्या मते खानदेशी डब्याचा खरा हिरो फुणका. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटायची, कोथिंबीर-लसूण, किसलेला दुधी, चमचाभर तेल, आणि बोटाएवढे लांबट मुटके करून वाफवायचे. डाळीच्या स्टार्चमध्ये अमायलोज गव्हापेक्षा जास्त, त्यामुळे फुणका गार झाल्यावर घट्ट होतो खरा, पण भरड दळणामुळे आणि ग्लुटेन नसल्यामुळे हिरडीनेही मोडतो. कोरडा घास अडकू नये म्हणून सोबत बुडवायला दही. मुठीत धरला की वर टोक उरतं, तेवढंच चावायला पुरतं.

केळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रावेर-यावलकडच्या केळ्यांशिवाय आपला डबा भरत नाही. पण चकत्या करून ठेवल्या की पेशी फुटतात, एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने केळ्यातल्या डोपामाइनसारख्या फिनॉलांना काळं करतं, आणि मूल त्या काळ्या चकतीला हात लावत नाही. अर्धं केळं सालासकट द्यावं, वरचं थोडं साल मावशी सोलतील, खालचं साल धरायला. केळ्याने सर्दी होते हा समज मात्र सोडा. सर्दी विषाणूंनी होते, आणि पाळणाघरात विषाणूंना केळ्याची वाट बघावी लागत नाही. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत डब्यात नकोत, ती श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्यावीत.

सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेशही याच रसायनातून आला आहे: शिळी पोळी म्हणे अमृत, तिच्यात रेझिस्टंट स्टार्च असतो. असतो, थोडा. रांगेत बसलेलं अमायलोज पाचक रसांना सहजी दाद देत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतं. वजन घटवायला निघालेल्या काकांना त्याचं कौतुक असू दे. एवढंसं पोट असलेल्या मुलाला थोड्या घासांत जास्त ऊर्जा हवी असते, त्याला हे अमृत काय कामाचं? डब्यावर मेंदूचं चित्र छापून विकल्या जाणाऱ्या पावडरींबद्दल तर न बोललेलंच बरं.

भाताचं मात्र गांभीर्याने सांगते. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात. त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष नंतर भात गरम करूनही जात नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि सकाळी सातला भरलेली खिचडी बारापर्यंत नेमकी या जिवाणूंच्या आवडीच्या तापमानात बसून राहते. म्हणजे उन्हाळ्यात पोळी त्यातल्या त्यात मऊ राहते आणि भात बिघडतो, थंडीत भात बराच टिकतो आणि पोळी कडक होते. त्यामुळे मार्च ते जून आमच्याकडे डब्यात भात नाही. द्यायचाच झाला तर वाफाळता भात, उकळत्या पाण्याने आधी तापवून घेतलेल्या थर्मासच्या डब्यात, आणि उरलेला संध्याकाळी थेट गाईला.