पेनसिल्व्हेनियातलं मेडिकल मारिवाना कार्ड: आजार यादीत असूनही अर्ज अडतो कुठे?

पेनसिल्व्हेनियात २०१६च्या कायद्यानं गांजा फक्त औषध म्हणून मिळतो, तोही कार्ड असेल तरच. यादीत वीसहून जास्त आजार आहेत: कॅन्सर, फिट्स, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, काचबिंदू, क्रोन्स (आतड्यांचा आजार), एचआयव्ही, ऑटिझम, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), तीव्र जुनाट किंवा कशानंच न थांबणाऱ्या वेदना. अँक्झायटी २०१९मध्ये आली. नुसती झोप लागत नाही किंवा डिप्रेशन आहे, एवढ्यावर कार्ड मिळत नाही.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. राज्यानं दिलेलं कार्ड केंद्राचा कायदा मानत नाही, आणि राज्यात कायदेशीर असलेल्या वापरावरूनही नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, हे इमिग्रेशन खात्यानं २०१९मध्ये स्पष्टच केलंय. हे सांगायला एरवी कोणी येत नाही.

आता अर्ज. आरोग्य खात्याच्या साइटवर नोंदणी करून पेशंट नंबर घ्यायचा. इथेच निम्मी मंडळी अडकतात, कारण नाव-पत्ता पेनडॉटच्या (राज्याच्या वाहतूक खात्याच्या) लायसन्सशी किंवा आयडीशी तंतोतंत जुळावा लागतो. लायसन्सवर वडिलांचं नाव मधे असेल तर इथेही तसंच लिहा. घर बदललं असेल तर आधी पेनडॉटकडे पत्ता बदला, मगच इकडे या. वीजबिल दाखवून उपयोग नाही. कॉम्प्युटरला बिल दिसत नाही!

मग डॉक्टर. तुमचे नेहमीचे डॉक्टर चालतीलच असं नाही, राज्याकडे नोंदणी केलेलेच लागतात. त्यांची फी इन्शुरन्स देत नाही. निदान पुण्या-मुंबईत झालं असेल तर ‘ट्रीटमेंट चालू’ एवढंच खरडलेली चिठ्ठी नेऊ नका. आजाराचं नाव, तारीख आणि रिपोर्ट असलेली इंग्रजी फाइल मागवून घ्या.

डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं म्हणजे कार्ड निघालं, असं समजून लोक घरी वाट बघत बसतात. पुन्हा साइटवर जाऊन ५० डॉलर भरल्याशिवाय कार्ड छापलंच जात नाही (मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स, असेल तर सवलत आहे). दर वर्षी प्रमाणपत्रही नवं आणि कार्डही नवं.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या गुडघेदुखीसाठी विचारणा फार होते. व्हिजिटर व्हिसावर कार्ड मिळत नाही, रहिवासीच असावं लागतं. मुलाच्या कार्डावरचं औषध त्यांना देणंही बेकायदेशीर आहे, आणि ते बॅगेत घालून भारतात नेणं तर त्याहून.