पार्श्वभूमी : मॉनिटरवरची अक्षरं धूसर का होतात

लग्नसराई जवळ आली की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळ्याच्या डीटीपीच्या दुकानांत दिवसभर पत्रिकांचं कंपोझिंग चालतं. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार पडद्यावर जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचा असतो. चित्र धूसर असेल तर तो प्रूफात निसटतो आणि छापून झाल्यावर सापडतो. पडद्याचा धूसरपणा सिनेमा बघणाऱ्याला चालून जातो, अक्षर लावणाऱ्याला नाही. म्हणून संगणकातून पडद्यावर चित्र नेणाऱ्या केबलींचा हा इतिहास अक्षराच्या बाजूने पाहायला हवा.

निळ्या डोक्याची पंधरा पिनांची व्हीजीए केबल 1987 मधली. ती डबा मॉनिटरसाठी, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या (सीआरटी) पडद्यासाठी होती. डब्याला ठिपक्यांची ठरावीक चौकट नव्हती, त्यामुळे 800 बाय 600 काय किंवा 1024 बाय 768 काय, चित्र सारखंच मऊ दिसायचं. तक्रार असायची ती 60 हर्ट्झवरच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र उमटतानाच्या लुकलुकीची.

खरी अडचण सपाट पडदे आल्यावर सुरू झाली. एलसीडीचे ठिपके मोजून ठरलेले, आणि केबल मात्र तीच जुनी. संगणकातलं ग्राफिक्स कार्ड आकड्यांचा विद्युतदाब करायचं, मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा आकडे करायचा. दोघांची वेळ किंचित जरी चुकली, तरी प्रत्येक ठिपका शेजारच्यात सांडायचा. ही चूक फक्त आडव्या दिशेने होते. म्हणून शिरोरेषा स्वच्छ दिसायची आणि काना, वेलांटी, दंड यांना मात्र बाजूला फिकट सावली पडायची. देवनागरीत तर उभ्या रेघाच जास्त! मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबल्यावर वेळ जुळायची, तीही पडद्यावर भरगच्च मजकूर उघडा असला तरच नीट. ठिपका आकड्यातच पोचवणारी डीव्हीआय जोडणी 1999 मध्ये आली होती, पण स्वस्त मॉनिटरला आणि असेंबल केलेल्या मशीनच्या मदरबोर्डला ती बहुधा नसायचीच.

त्यात भर पडली 1366 बाय 768 ची. साडेअठरा इंची मॉनिटर या मापाचे सर्रास विकले गेले. 1366 ला आठाने भाग जात नाही, आणि मॉनिटर आपली मापं कार्डाला ज्या तक्त्यातून कळवतो, त्यातला एक भाग रुंदी आठाच्या पटीतच लिहू शकतो. मग कार्ड 1360 किंवा थेट 1024 पाठवायचं आणि मॉनिटर ते ताणून बसवायचा. चष्म्याचा नंबर वाढला असं समजून डोळे तपासून घेण्याआधी सेटिंगमध्ये हा आकडा पाहायला हवा होता. तो दाखवून देणारं मात्र कुणी नसायचं.

चित्र आणि आवाज एकाच केबलीतून नेणाऱ्या एचडीएमआयची पहिली आवृत्ती 2002 च्या डिसेंबरची, आणि ती जोडणी मुळात टीव्हीची. तिच्यासोबत टीव्हीच्या सवयीही आल्या : कडा कापून चित्र मोठं करणं, काळ्याचा करडा होणं. टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की बऱ्याच टीव्हींवर हा त्रास जातो.

सगळ्यात मोठा गोंधळ एचडीएमआयच्या आवृत्तीच्या आकड्यांचा. 1.4 वर 4के (3840 बाय 2160 ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला 30 वेळाच जायचं. 2013 च्या 2.0 ने माहितीच्या वेगाची मर्यादा सेकंदाला 18 गिगाबिटवर नेली, पण रंगाची माहिती चौथाईवर आणून जुन्याच 10.2 गिगाबिटमध्ये 4के 60 हर्ट्झवर बसवायची मुभाही ठेवली. अशा पोर्टवर पांढऱ्यावरचं काळं अक्षर ठीक दिसतं. पत्रिकेतली लाल अक्षरं पिवळ्या जमिनीवर कडेने फुटतात. 2017 च्या 2.1 ने 48 गिगाबिट आणले. मग 2021 च्या अखेरीस एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेची भूमिका उघड झाली : 2.0 ही वेगळी आवृत्ती आता उरली नाही, तिच्यातलं सगळं 2.1 मध्ये सामावलं, आणि 2.1 मधल्या नव्या गोष्टी ऐच्छिक आहेत. म्हणजे 18 गिगाबिटच्या मॉनिटरवर '2.1' लिहिलं तरी ते नियमात बसतं.

संस्थेच्या बाजूनेही मुद्दा आहे. आधीच्या आवृत्त्यांतही बरंच ऐच्छिक होतं, आणि कोणती सोय दिली आहे हे उत्पादकाने स्पष्ट सांगावं अशी अटही आहे. पण ती माहिती संकेतस्थळावरच्या तक्त्यात असते, आणि गिऱ्हाईक दुकानात खोक्यावरचा आकडा वाचून पैसे मोजतं. या निर्णयाने उत्पादकाची सोय झाली आणि पारखायचं काम गिऱ्हाइकावर आलं, हे नाकारता येत नाही.

केबलीचं उलट आहे. तिच्यावर आवृत्तीचा आकडा छापायची परवानगीच नाही. 18 साठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि 48 साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं तपासणीचं लेबल असतं. तरी '2.1 केबल' सगळीकडे विकली जाते. 2025 मध्ये जाहीर झालेल्या 2.2 ने मर्यादा 96 वर नेली आहे.

कंपोझिंगच्या टेबलावरचं गणित मात्र यापेक्षा पुष्कळ लहान. 1920 बाय 1080 ला 60 हर्ट्झवर साडेचार गिगाबिटही लागत नाहीत, साधी चांगली केबल पुरते. पूर्ण रंगासह 4के 60 ला जवळपास 18 लागतात. तेवढे हवे असतील तर दुकानदाराला आवृत्ती न विचारता '4:4:4 ला (म्हणजे रंगाची माहिती न छाटता) 60 हर्ट्झ चालतं का' हे विचारावं आणि तिथेच लाल अक्षरांची पत्रिका उघडून पाहावी.