तिबेटी युद्धकला

तिबेटी युद्धकला : घोडदौड, तिरंदाजी, कुस्ती, गोफण, तलवारबाजी अशा तिबेटच्या पठारावर रुजलेल्या लढाऊ कौशल्यांसाठी वापरली जाणारी ढोबळ संज्ञा. तिबेटला स्वतःची युद्धकला होती की नाही, हा जुना वाद आहे आणि त्याचे मूळ बरेचसे ‘युद्धकला’ या शब्दातच आहे. नाव असलेले घराणे, गुरुपरंपरा आणि ठरलेले पाठ एवढ्यालाच युद्धकला म्हणायचे, तर तिबेटच्या वाट्याला फार थोडे येते. आपल्याकडे मर्दानी खेळ म्हणतो त्या अर्थाने पाहिले, तर तिबेटात ती पावलोपावली दिसते. दुसरा अर्थच तिबेटी समाजाला न्याय देणारा आहे.

सातव्या ते नवव्या शतकांत तिबेट ही मध्य आशियातील बलाढ्य लष्करी सत्ता होती. ७६३ मध्ये तिबेटी फौजांनी तांग साम्राज्याची राजधानी चांगआन घेतली आणि सुमारे पंधरा दिवस ताब्यात ठेवली. डोळ्यांपुरत्या फटी सोडून माणूस आणि घोडा दोघेही चिलखतात मढलेले, असे तिबेटी स्वारांचे वर्णन चिनी ग्रंथांत आढळते. लोखंडाच्या लहान पट्ट्या चामडी वादीने एकमेकींत ओवून केलेली चिलखते तिबेटात विसाव्या शतकापर्यंत टिकली. ल्हासातील मोनलाम या प्रार्थनोत्सवात ती अंगावर चढवून स्वारांची मिरवणूक निघे. अशी चिलखते, तलवारी आणि खोगिरे यांचे मोठे प्रदर्शन २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरले होते.

पुरुषाच्या अंगी असावीत अशी नऊ कौशल्ये तिबेटी परंपरा सांगते. त्यांची यादी सगळीकडे एकसारखी नाही, पण धावणे, उडी, पोहणे, घोडेस्वारी, तिरंदाजी, दगडफेक आणि कुस्ती यांचा उल्लेख वारंवार येतो. ‘बेगा’ या कुस्तीत कंबरेला मिठी घालून किंवा कंबरपट्टा धरून प्रतिस्पर्ध्याला खाली आणतात. गेसर राजाच्या महाकाव्यात तर लिंग या राज्याचे सिंहासन घोड्यांच्या शर्यतीत जिंकले जाते. ल्हासाच्या उत्सवात भरधाव घोड्यावरचा स्वार पहिल्या लक्ष्यावर तोड्याच्या बंदुकीचा बार काढी आणि दुसरे लक्ष्य येईपर्यंत बंदूक पाठीवर टाकून धनुष्यबाण हाती घेई. वर्षानुवर्षांच्या तालमीशिवाय हे जमणारे नाही. याला युद्धकला म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

मेंढपाळांची ‘उर्दो’ म्हणजे आपली गोफणच. काळ्यापांढऱ्या याकच्या केसांची घट्ट वेणी, मधोमध दगड बसेल असे रुंद पाळे, एका टोकाला बोटात अडकवायचा फास. दोनतीन गरके देऊन मोकळे टोक सोडले की दगड सुटतो आणि दोर हवेत चाबकासारखा कडाडतो. भरकटलेला याक वळवायला त्याच्यापुढे नेमका दगड टाकायचा, हे पोरवयातच शिकतात. हाच हात पुढे लढाईतही कामाला येई.

मठांतील ‘दोबदोब’ भिक्षूंमुळे या वादाला वेगळे वळण मिळते. सेरा, द्रेपुंग, गादेन या मोठ्या मठांत अध्ययनाऐवजी अंगमेहनत, पहारा आणि बंदोबस्त पत्करणारा हा वर्ग होता. डोळ्यांभोवती काजळी, कानाजवळ राखलेली केसांची बट आणि हाताशी हत्यार म्हणून वापरता येईल अशी वजनदार लोखंडी किल्ली, असा त्यांचा अवतार. त्यांचे संघ धावणे, लांब उडी आणि दगडफेक यांचा कसून सराव करीत. मठामठांत स्पर्धा होत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन गोल्डस्टीन यांनी १९६४ मध्ये त्यांच्यावर अभ्यासलेख लिहिला. दोबदोब भांडखोर म्हणून बदनामही होते. मात्र त्यांच्याकडे पाहून युद्धकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या चिनी मठासारखे ‘तिबेटी शाओलिन’ कल्पिणे चुकीचे आहे. त्यांची ताकद व्यायामातून आणि प्रत्यक्ष मारामारीतून आलेली होती, गुप्त पाठांतून नव्हे.

घराण्याचा दावा सांगणाऱ्या शैली मिळतात त्या दक्षिण चीनमध्ये. लामा पाई, हॉप गार आणि तिबेटी श्वेत क्रौंच या शैली आपले मूळ ‘सिंहनाद’ या एकाच विद्येत असल्याचे सांगतात. आदातो नावाच्या लामाने क्रौंच आणि वानर यांची झुंज पाहून ती रचली, अशी आख्यायिका आहे. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सिंगलुंग या भिक्षूने आणि त्याचा शिष्य वाँग यानलाम याने ती रुजवली, असे परंपरा मानते. १९५४ मध्ये मकाऊत श्वेत क्रौंच शैलीचा चान हाकफू आणि ताय ची गुरू वू गाँगयी यांची गाजलेली लढत झाली व अनिर्णित सुटली. या शैलींची परिभाषा आणि शिष्यशाखा मात्र कँटनी, म्हणजे ग्वांगडाँगकडच्या आहेत. शिवाय चीनमधील छिंग राजवटीच्या काळात ‘लामा’ म्हणवला जाणारा भिक्षू मंगोल किंवा मांचूही असू शके. त्यामुळे नावातला ‘तिबेटी’ शब्द हा पुरावा ठरत नाही.

त्रुलखोर हे श्वास आणि हालचालींचे योगसाधन कधीकधी युद्धकलेत गणले जाते, पण त्याचे प्रयोजन ध्यानसाधनेचे आहे. छाम या मठनृत्यातील काळ्या टोपीच्या नाचाशी मात्र एका वधाची स्मृती निगडित आहे. ल्हालुंग पेलग्यी दोर्जे या भिक्षूने रुंद बाह्यांत धनुष्यबाण लपवून ८४२ मध्ये लांगदर्मा राजाला मारले, असे परंपरा सांगते. भिक्षू आणि बाण यांची अशी सांगड ज्या संस्कृतीने आठवणीत जपली, तिला शस्त्र परके नव्हते.

पूर्व तिबेटच्या खाम प्रांतातील योद्ध्यांचा भरणा असलेली ‘चुशी गांगद्रुक’ ही सशस्त्र प्रतिकार संघटना १९५८ मध्ये उभी राहिली. १९५९ नंतर जुनी मठव्यवस्था मोडली आणि दोबदोबही संपले. घोड्यांचे उत्सव नागछू आणि लिथांग येथे भरतात. आग्नेय तिबेटातील कोंगपो भागात ‘बिशो’ तिरंदाजी जिवंत आहे : बाणाचे टोक लाकडी, पोकळ आणि भोके पाडलेले असते. बाण शीळ घालत जातो आणि नेम अचूक लागला की लक्ष्याचा मधला तुकडा निखळून पडतो.