आउटलुकमधल्या तात्पुरत्या फायली: काय पुसायचे आणि कशाला हात लावायचा नाही

ठाणे आणि नवी मुंबईतील आमच्या एएमसी (वार्षिक देखभाल करार) ग्राहकांसाठी

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, बेलापूरपर्यंतच्या ऑफिसांतून आम्हाला येणारे काही फोन वरवर वेगवेगळे वाटतात. कुणाची सी ड्राइव्ह भरलेली असते, कुणाची अटॅचमेंट उघडत नाही, कुणाची काल दुरुस्त केलेली एक्सेल सापडत नाही. पाहायला गेले की बऱ्याचदा एकच लपलेले फोल्डर निघते. त्याची ही माहिती. ती विंडोजवरच्या नेहमीच्या, म्हणजे ऑफिससोबत इन्स्टॉल होणाऱ्या आउटलुकची आहे. ‘नवीन आउटलुक’ उघडलेल्या फायली वेगळ्या जागी ठेवते. तुमच्याकडे ते असेल तर खालचा पत्ता लागू नाही.

फाइल मागे का राहते?

मेलला जोडलेली फाइल डबल क्लिक केली की ती मेलमधूनच उघडली असे वाटते. प्रत्यक्षात आउटलुक आधी तिची झेरॉक्स काढल्यासारखी एक प्रत पीसीवरच्या त्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि वर्ड किंवा एक्सेल ती प्रत उघडते. फाइल बंद केलीत की आउटलुक ती पुसून टाकते. मात्र फाइल उघडी असतानाच आउटलुक बंद केले, ते अडकले किंवा लाइट गेली, तर ती पुसायला मागे कुणी राहत नाही. म्हणून घरी निघताना आधी अटॅचमेंट बंद करा, मग आउटलुक, मग पीसी. पीसीचे बटण दाबून धरून लोकल गाठणाऱ्यांच्या मशीनवर हा ढीग सर्वांत मोठा असतो, हे सांगायला नकोच.

जागेपेक्षा मोठे त्रास

पहिला त्रास नावांचा. कस्टम्सचे काम करणाऱ्या ऑफिसात रोज येणाऱ्या फायलींची नावे ठरलेली: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग आणि पीओ (परचेस ऑर्डर). त्याच नावाची प्रत आधीच पडलेली असेल तर आउटलुक नव्या प्रतीच्या नावापुढे कंसात आकडा लावते. जुन्या आवृत्त्यांमध्ये हा आकडा ९९ च्या पुढे जात नाही. मग फाइल तयार करता येत नाही, फोल्डरची परमिशन तपासा, असा संदेश येतो. परमिशन ठीकच असते. लोक अँटीव्हायरसला दोष देतात, पाठवणाऱ्याला पुन्हा पुन्हा मेल करायला लावतात. फोल्डर रिकामे केले की त्याच क्षणी फाइल उघडते.

दुसरा त्रास खरा रडवणारा. अटॅचमेंट मेलमधूनच उघडायची, वर पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल एडिटिंग’ दाबायचे, तासभर आकडे भरायचे आणि सेव्ह करून बंद करायचे. काही आवृत्त्या अशा वेळी फाइल कुठे ठेवायची ते विचारतात, काही त्या तात्पुरत्या प्रतीतच बदल साठवतात. मेलमधली मूळ फाइल मात्र तशीच राहते. आमचा आग्रह एवढाच, की एकही अक्षर बदलायचे असेल तर आधी ‘सेव्ह ॲज’ करून फाइल तुमच्या फोल्डरमध्ये ठेवा, मग काम सुरू करा. काम हरवलेच असेल तर काहीही साफ करू नका. ते फोल्डर (पत्ता खाली दिला आहे) उघडून फायली ‘डेट मॉडिफाइड’प्रमाणे लावा, कधीकधी फाइल तिथे सापडते. आधी सफाई केली की ती आशाही गेली.

तिसरा त्रास गुप्ततेचा, आणि त्याकडे कुणाचेच लक्ष नसते. पगारपत्रक, पॅन कार्ड, बँकेचे स्टेटमेंट एकदा उघडून पाहिले आणि मेल डिलीट केला, तरी प्रत पीसीवर असू शकते. एकाच विंडोज लॉगिनवर तीन माणसे बसत असतील तर ती तिघांनाही पाहता येते.

सफाई कशी करायची

आउटलुक, वर्ड, एक्सेल सर्व बंद करा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत लोकलॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता, दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह लावून लिहा. पुढे उलटी तिरकी रेघ देत देत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश आणि कंटेंट डॉट आउटलुक. माउसने एकेक फोल्डर उघडत गेलात तर शेवटचे फोल्डर सहसा दिसत नाही, कारण विंडोज ते लपवते. म्हणून पत्ता टाइपच करावा लागतो. स्पेलिंगची कटकट नको असेल तर आम्हाला कळवा, अख्खा पत्ता मेल करतो, तो नुसता पेस्ट करायचा.

आत आठ अक्षरे-आकड्यांच्या विचित्र नावाचे फोल्डर दिसेल. ते उघडा, एकदा नजर फिरवा, कामाची फाइल असेल तर बाहेर कॉपी करा. उरलेल्या सर्व निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसणार नाहीत. फोल्डर राहू द्या. रोज करायची ही गोष्ट नाही. २० तारखेचे जीएसटी रिटर्न (जीएसटीआर-३बी) भरून झाले की निवांत दिवशी, तीन महिन्यांतून एकदा पुरे.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली ‘टेम्पररी फाइल्स’ आहे, तेही वापरा. पण तिथल्या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक चौकोन असतो. त्यावर खूण राहिली तर तुमचे डाउनलोड्स फोल्डर रिकामे होईल.

याला हात लावू नका

जागा शोधताना पीएसटी किंवा ओएसटी शेपटीची मोठी फाइल दिसते आणि हात शिवशिवतो. पीएसटी म्हणजे तुमचा मेलच. पीओपी खाते (मेल पीसीवर उतरवून घेणारे) असेल तर कित्येकदा तो सर्व्हरवर शिल्लकही नसतो. पीएसटी गेली की मेल गेला. आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरीव मर्यादा ५० जीबी आहे. ती जवळ आली तर जुने मेल वेगळ्या पीएसटीत हलवायचे असतात, ते आम्ही करून देतो. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची पीसीवरची प्रत, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते, तरी विचारल्याशिवाय पुसू नका. शेजारी नागमोडी चिन्हाने सुरू होणारी टीएमपी फाइल दिसली तर आउटलुक चालू असताना ती तशीच असू द्या, बंद झाल्यावर ती आपोआप जाते. रोमकॅश फोल्डरही सोडा, नाहीतर ‘टू’मध्ये पहिली दोन अक्षरे टाकताच येणारे पत्ते पुसले जातील.

‘मेलबॉक्स भरला’ हा संदेश सर्व्हरवरच्या जागेचा असतो. वरची सफाई करून तो जाणार नाही.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ करावे, कारण डिलीट केलेले मेल त्याशिवाय डिस्कवरून जात नाहीत.

जुना पीसी विकताना, शाळेला देताना किंवा भंगारात काढताना एवढ्याने भागत नाही. शिफ्ट-डिलीट केलेल्या फायली परत मिळवता येऊ शकतात, म्हणून डिस्क पूर्ण पुसून घ्यावी लागते. मशीन बाहेर जाण्याआधी आम्हाला बोलवा. एएमसीतल्या मशीनसाठी वेगळे शुल्क नाही. फोन करताना आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘ऑफिस अकाउंट’ येथे दिसणारी आवृत्ती लिहून ठेवा.