कुलाबा कॉजवे

दक्षिण मुंबईतील खरेदीचा रस्ता. पाटीवर नाव शहीद भगतसिंग मार्ग. टॅक्सीत बसून मात्र ‘कॉजवे’ एवढेच सांगावे. हा मार्ग फोर्टातही जातो. बाजाराचा कॉजवे म्हणजे रीगल सिनेमापासून दक्षिणेकडचा भाग.

कॉजवे म्हणजे पाण्यातून घातलेला बांध. कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही मुंबईच्या सात बेटांपैकी दोन. मुंबईच्या मुख्य बेटावरून तिथे ओहोटीला खडकांवरून चालत जायचे, एरवी होडी. भरतीची वेळ चुकली की माणूस अडकलाच. १८३८ मध्ये बांध पूर्ण झाला आणि पलीकडच्या जमिनींना भाव आला. पुढे १८४४ मध्ये कापसाचा बाजार फोर्टातून कुलाब्याला हलला. दोन्ही बाजूंना भराव पडत गेल्याने आज दुकानांच्या रांगेतून समुद्र दिसत नाही.

रस्त्याला गिऱ्हाईक दिले ते वाहतुकीने. ९ मे १८७४ रोजी मुंबईतली घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाबा ते पायधुणी असा होता. ट्राम कंपनीची कचेरी होती तिथे, पश्चिम बाजूला, आता बेस्टचे ‘इलेक्ट्रिक हाउस’ आहे. शहरातली पहिली मोटार बसही इथलीच: १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट.

खुणेच्या इमारतींत पहिला मान रीगलचा (१९३३). वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. तळघरात गाड्या लावायची सोय त्या काळी अपूर्वाईची होती. कोपऱ्यावरच्या मोंडेगार कॅफेच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. पुढे डाव्या हाताला १८७१ चे इराण्यांचे लिओपोल्ड कॅफे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवलेल्या नाहीत. खुस्रो बाग ही १९३४ ची पारशी वसाहत. तिची रस्त्याकडची बाजू दुकानांची, आत अग्यारी आणि कॉजवेवर न सापडणारी शांतता.

फुटपाथवरच्या ठेल्यांवर कानातली, चपला, पिशव्या, पितळी वस्तू मिळतात. काळपट झाक असलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने बहुधा चांदीचे नसतात. घाम आणि अत्तर लागले की मुलामा उडतो. पहिला भाव परदेशी पाहुण्याकडे बघून सांगितलेला असतो, तेव्हा घासाघीस गृहीतच धरावी. कपडे घालून बघायला ठेल्यावर आडोसा नसतो, म्हणून मापाचा एखादा जुना कुर्ता सोबत न्यावा.